निकॉन डी ५३०० साठी परवडणारी एकच झूम लेन्स हवी: १८-१४०, १८-२०० की आणखी काही?

मयेकाठ (डिचोली)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निकॉन डी ५३०० आहे. मावसभावाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना माझ्याकडे आला, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी; आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं). मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. फोटो काढते ते मुख्यतः गावातल्या सणांचे: शिगम्यात (आमची होळी) रोमटामेळ (ढोल-ताशांची मिरवणूक) आणि घोडेमोडणी (लाकडी घोडे कमरेला बांधून केलेला नाच), चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), देवळातली दिवजां (बायकांची दिव्यांची फेरी), पौषात धालो (बायकांचा रात्रीचा नाच-गाण्यांचा खेळ). आमच्या वाड्यावर धालो खेळणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांची गाणी मी वहीत उतरवून घेते आहे. प्रत्येक गाण्याबरोबर ते म्हणणारीचा एक तरी नीट फोटो असावा, असं मला फार वाटतं.

१८-५५ तोकडी पडते. घोडेमोडणीच्या वेळी गर्दीतून पुढे जाता येत नाही, आणि ५५ वर घोडेस्वारापेक्षा लोकांच्या डोक्यांचंच चित्र जास्त येतं. दोन लेन्स घेऊन बदलत बसणं मला जमणार नाही, कारण तिथे हवेत गुलाल असतो. म्हणून एकच लेन्स हवी, जी कॅमेऱ्यावर कायम राहील.

बजेट २० हजार, फिल्टर-बिल्टर सगळं धरून. वापरलेली चालेल. सध्या समोर आहेत त्या या: म्हापशात एक गृहस्थ १८-२०० व्हीआर (हात हलला तरी सावरणारी) विकत आहेत, पणजीत एका दुकानात वापरलेली १८-१४० आहे, आणि शाळेतले एक सर म्हणतात की टॅमरॉनची १६-३०० घे, म्हणजे आयुष्यात दुसरी लागणार नाही. कुणीतरी सिग्मा १७-७० चंही नाव घेतलं. रविवारी कधी करमळीच्या तळ्यावर पक्षी बघायला जाते, तेव्हा वाटतं की ३०० असती तर बरं झालं असतं.

तुम्ही काय घ्याल?

तिसवाडीकर (पणजी)

१८-१४०. माझ्या डी ५२०० वर तीच असते. फोंताईन्यासच्या गल्ल्यांत १८ पुरतं, मांडवीतली होडी पकडायला १४० पुरतं. डोळे मिटून घ्या असं मात्र म्हणणार नाही, वापरलेली असेल तर डोळे चांगले उघडे ठेवून घ्या.

रंगपट (फोंडा)

ताई, तुमचं काम वाचून खरंच आनंद झाला. जत्रांतल्या नाटकांचे आणि लग्नांचे फोटो काढणं हा माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लेन्सची नावं बाजूला ठेवा. तुमचे स्वतःचे आवडते शे-दोनशे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ (झूमचा मिलिमीटरचा आकडा) किती आहे ते एका कागदावर लिहीत जा. बहुतेक फोटो ५५ वर अडकलेले निघाले तर लांब पल्ला हवा, हे खरं. पण बरेचसे १८ ला चिकटलेले निघाले, तर तुम्हाला ३०० चा काही उपयोग नाही, उलट १६ किंवा १७ पासून सुरू होणारी लेन्स बरी. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तुमचा मांड (धालोचं अंगण) माहीत नसतो, तुमच्या फोटोंना माहीत असतो.

आता एकेक बघू. १८-१४० ही २०१३ ची लेन्स, तुमचा डी ५३०० ही त्याच वर्षीचा, आणि या कॅमेऱ्याबरोबर ती किट म्हणून विकलीही जायची. वजन अर्धा किलोच्या आतबाहेर, माउंट (कॅमेऱ्याला अडकतो तो भाग) धातूचा, फिल्टर ६७ मिलिमीटरचा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आकाराचा, म्हणून दीडपट धरायचं: जुन्या रिळाच्या हिशेबात ती २७ ते २१० होते. घोडेमोडणीला २१० म्हणजे दोन-तीन रांगा मागून स्वाराचा चेहरा आणि उगारलेली तलवार एका चौकटीत येते. शिवाय फोकस करताना तिचं पुढचं टोक फिरत नाही, त्यामुळे पोलरायझर लावला की लावलेल्या कोनातच राहतो. पावसाळ्यात भातशेताच्या पाण्यावरची चमक काढायला याचा फार उपयोग होतो.

हिच्या आधीची १८-१०५ सुद्धा वाईट नाही आणि ती स्वस्तात मिळते, पण तिचा माउंट प्लास्टिकचा आहे. फार वापरलेली असेल तर तिथे झीज झाली आहे का ते बघा.

म्हापशातली १८-२०० कुठली ते आधी विचारा. पहिली २००५ साली आली, दुसरी २००९ साली. दुसरीच्या नळीवर झूम १८ वर अडकवून ठेवायचं बटण आहे, पहिलीला नाही. पहिली गळ्यात खाली तोंड करून लटकवली की नळी आपल्या वजनाने बाहेर सरकत येते. पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. या लेन्सा आल्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांना १०-१२ मेगापिक्सेल असत. तुमच्याकडे २४ आहेत, आणि सेन्सरवरचा लो-पास फिल्टरही (बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच) नाही, त्यामुळे लेन्सचा लांब टोकाचा मऊपणा तो लपवत नाही. वर आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. अशा लेन्सवर लिहिलेले २०० हे दूरच्या वस्तूसाठी असतात. चार-पाच हातांवर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा घेताना ती लेन्स प्रत्यक्षात २०० पेक्षा बरीच कमी जवळ आणते. म्हणजे १४० आणि २०० मध्ये कागदावर जेवढं अंतर दिसतं तेवढं माणसांच्या फोटोत मिळत नाही.

सिग्मा १७-७० सुंदर लेन्स आहे. बावीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस होतो, माटोळीतलं एखादं रानफळ किंवा कावीच्या भिंतीवरची नक्षी घ्यायला तिच्यासारखी या किमतीत क्वचितच. पण तुमचं दुखणं ५५ पुरत नाही हे आहे. ७० ने ते बरं होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही धालो आणि दिवजां लिहिलंत. या दोन्ही गोष्टी रात्रीच्या. वर नाव आलेल्या कुठल्याही लांब पल्ल्याच्या झूमने मांडावर एका बल्बच्या उजेडात हलणाऱ्या बायकांचा स्वच्छ फोटो निघणार नाही. व्हीआर आहे ना, असं लोक म्हणतात. व्हीआर तुमच्या हाताचं थरथरणं सावरतो. समोरची बाई वाकते, मागे जाते, पुढे येते, ते तो थांबवू शकत नाही. ते थांबवायला शटरचा वेग लागतो आणि वेगाला प्रकाश लागतो. १८-१४० ही ३५ मिलिमीटरवर एफ ४.५ च्या आसपास उघडते (एफचा आकडा लहान तितकं प्रकाशाचं भोक मोठं). निकॉनची साधी ३५ एफ १.८ डीएक्स तिथे सहापट प्रकाश आत घेते. झूमवर १/३० मिळत असेल तर तिच्यावर १/१८० च्या आसपास मिळतो. धालोची चाल संथ असते, तेवढ्यात चेहरे नीट येतात. वजन फक्त २०० ग्रॅम. गेली कित्येक वर्षं मी जत्रेतल्या नाटकांत विंगेतून फोटो घेतो ते याच लेन्सने, आणि हाताशी एकच लेन्स ठेवायची वेळ आली तर मी हीच ठेवीन.

तेव्हा माझं मत असं: वापरलेली १८-१४० घ्या, आणि उरलेल्या पैशांत वापरलेली ३५ एफ १.८. लेन्स बदलायची तुम्हाला धास्ती आहे ती गुलालाची. गुलाल दिवसा, शिगम्यात. तेव्हा झूम. धालो रात्री, तेव्हा घरूनच ३५ लावून निघायचं. मांडावर बदलायचीच नाही. फ्लॅशचं नावसुद्धा काढू नका, त्या उजेडाने मांडाचा सगळा जीव जातो आणि गाणाऱ्या बायका बिचकतात ते वेगळंच.

पक्ष्यांचं म्हणाल तर १४० कमी आहे आणि १६-३०० ही पुरणार नाही, तळ्याच्या मध्यावर बसलेली अडई (रानबदक) तिच्यातही ठिपकाच दिसते. तो खर्च पुढे कधीतरी एएफ-पी ७०-३०० वर (आतल्या मोटरने फोकस होणारी निकॉनची लेन्स) करा. डी ५३०० वर ती चालते, फक्त कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आधी अपडेट करून घ्या. तुमच्यापेक्षा जुन्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांवर, उदाहरणार्थ डी ३२०० किंवा डी ५१०० वर, एएफ-पी लेन्सचा फोकसच होत नाही, हे हा धागा वाचणाऱ्या इतरांनीही लक्षात ठेवावं. आणि डी ५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असलं पाहिजे. कुणी जुनी एएफ-डी स्वस्तात देऊ केली तर तिचा फोकस हातानेच करावा लागेल.

सत्तरीची वाट (वाळपई)

रंगपट बाब, तुमचा अनुभव मोठा आहे, पण टॅमरॉन १६-३०० ला एवढ्यात निकालात काढू नका. मी म्हादईच्या अभयारण्यात आणि आसपासच्या धबधब्यांवर पावसात फिरतो. तिथे पाठीवर एकच पिशवी, पायांना जळवा, आणि लेन्स बदलायला कोरडी जागा नाही. तिची बांधणी ओलावा आत जाऊ नये अशी केलेली आहे. भर पावसात बुडवून काढावी असं नाही, पण शिंतोडे सोसते. १६ वर मिळणारी रुंदी १८ पेक्षा चांगलीच जास्त असते. धबधब्याखाली मागे सरकायला जागा नसते, तेव्हा ती कळते. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ मी तिच्यानेच घेतलंय, पूर्ण, अंगणाच्या अलीकडून. ३०० वर एफ ६.३ होते हे मान्य. पण ज्याला दिवसा उजेडी रानात एकच लेन्स हवी त्याने ती जरूर बघावी.

रंगपट (फोंडा)

तुमच्या कामाला ती योग्यच आहे, मी नाही म्हणणार नाही. रानात दिवसभर चालणाऱ्याला तीच घ्या असं मीही सांगेन. ताईंचे निम्मे फोटो सूर्य मावळल्यावरचे आहेत, म्हणून मी वेगळं म्हणालो.

मयेकाठ (डिचोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून फोटोंचा हिशेब केला. दिवसाचे जवळपास सगळे ५५ वर. रात्रीचे २४ ते ४० च्या मध्ये, आणि त्यांतले बरेचसे हललेले. रंगपट सर, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं.

म्हणजे १८-१४० आणि ३५. पण वापरलेली घेताना काय काय तपासू? आणि घरात बुरशीची भीती वाटते. जूनमध्ये कपाटातली चामड्याची पर्ससुद्धा पांढरी पडते. कॅमेरा मावसभावाने दिला त्याच काळ्या बॅगेत ठेवते.

काच आणि कापूस (मडगाव)

बुरशीचं मी सांगतो, मी कॅमेरे-लेन्सा दुरुस्त करतो. पाऊस ओसरला की माझ्या टेबलावर येणाऱ्या लेन्सांत सगळ्यात जास्त हेच.

ताई, त्या बॅगेतून लेन्स आजच बाहेर काढा. बॅगेचं कापड आणि स्पंज ओल धरून ठेवतात, आत अंधार, हवा हलत नाही. बुरशीला याहून काही नको. तिचं बी हवेत सगळीकडे असतं, ते आपण थांबवू शकत नाही. आर्द्रता थांबवू शकतो. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, ज्याच्या झाकणाला रबर असतं तो. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा ठेवा. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. अगदी कोरडंठाक करायचं नाही, आतल्या वंगणाला आणि रबराला ते मानवत नाही. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या. निळं असेल तर ओल पिऊन गुलाबी होतं, केशरी असेल तर हिरवं होतं. मंद आचेवर तापवलं की परत पहिल्या रंगावर येतं. फक्त ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. काही लोक तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवतात, ते कृपा करून करू नका, तांदळाची पिठी झूमच्या फटीत जाते.

आणखी एक. एसी खोलीतून थेट बाहेर आलात की काचेवर धुकं येतं. ते पुसायला कापड घासू नका. निघायच्या आधी बॅग बंदच ठेवून थोडा वेळ बाहेर उबेला येऊ द्या, मग कॅमेरा काढा.

बुरशी एकदा काचेत रुजली की ती लेप खाते. सुरुवातीला आली तर मी उघडून साफ करू शकतो. लेप खाल्ला गेला असेल तर डाग पुसला तरी खूण राहते. म्हणून वापरलेली लेन्स घेताना टॉर्च न्याच. मागच्या बाजूने उजेड पाडा आणि पुढून तिरकं बघा. निकॉनच्या या लेन्सा कॅमेऱ्यावर नसताना आतल्या, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्या मिटलेल्या असतात, मागच्या माउंटजवळ एक छोटी पट्टी आहे ती बोटाने हळूच सरकवली की उघडतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर उठून या, किंमत कितीही उतरवली तरी. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नका, त्याने फोटोला काही होत नाही. ती पट्टी सोडल्यावर पाकळ्या झटकन मिटल्या पाहिजेत. रेंगाळल्या तर त्यांच्यावर तेल आलंय.

रंगपट (फोंडा)

यात माझी एक भर. लेन्सचं एखादं भिंग सरकलंय का हे बघायला आपल्याकडच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीसारखी दुसरी जागा नाही. गिलावा न केलेली भिंत शोधा. चिऱ्याला भोकं, खडे, रंगांचे थर असतात, कोपऱ्यापर्यंत बारीक तपशील मिळतो. कॅमेरा भिंतीला समांतर, स्टुलावर किंवा ट्रायपॉडवर, व्हीआर बंद, दोन सेकंदांचा टायमर. १८, ५० आणि १४० वर ॲपर्चर (प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं ठेवून एकेक फोटो. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच थोडे मऊ असले तर ती या लेन्सची जातच आहे. एकच बाजू पुसट आणि दुसरी स्वच्छ, असं दिसलं तर लेन्स पडलेली आहे, घेऊ नका. १८ वर चिऱ्यांच्या ओळी बाहेरच्या बाजूला फुगलेल्या दिसतील. ते प्रत्येक १८-१४० ला असतं, मेनूत ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल चालू केलं की जेपीईजीमध्ये बरंचसं सरळ होतं. दीपस्तंभ आणि देवळाचे खांब घेताना ते चालू ठेवा.

झूमची कडी पूर्ण फिरवून बघा, मध्येच अडखळली किंवा वाळूसारखा आवाज आला तर कोलव्याची नाहीतर कळंगुटची वाळू आत गेली समजा. शटर अर्धं दाबून व्हीआरचा आवाज ऐका, बारीक घुरघुर असते. खडखड नको.

तिसवाडीकर (पणजी)

मयेकाठ ताई, एक प्रश्न तुमच्या वतीने मीच विचारतो, कारण माझ्याही मनात आहे. डीएसएलआर आता मागे पडत चाललेत. या लेन्सांत पैसे घालावेत का?

रंगपट (फोंडा)

घालावेत. निकॉनने २०१८ मध्ये झेड हे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे आणले तेव्हा एफटीझेड नावाचा जोड-भाग दिला. एएफ-एस लेन्सा त्यावर फोकससकट चालतात. दुसरं असं की सगळे मिररलेसकडे जात असल्यामुळेच चांगल्या लेन्सा हाताशी येण्याजोग्या किमतीत बाजारात आल्यात. पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हा सल्ला देऊ शकत नव्हतो.

मयेकाठ (डिचोली)

कळवायचं राहिलं होतं. पणजीतली १८-१४० चिऱ्याच्या भिंतीवर घेऊन बघितली. १४० वर उजवी बाजू वरपासून खालपर्यंत पुसट. दुकानदाराला फोटो दाखवले, त्याने मान्य केलं आणि आगाऊ रक्कम परत दिली. मग मडगावहून दुसरी मिळाली, १२ हजारांना. टॉर्च, भिंत, आवाज, सगळं बघून घेतली. चारही कोपरे सारखे. ३५ एफ १.८ साडेसहा हजारांना. उरलेल्यातून डबा, सिलिका जेल आणि काटा घेतला. पोलरायझर पुढच्या पगारात.

गुरुवारी आमच्या देवळात दिवजां आहेत. ३५ पहिल्यांदाच तिथे वापरणार. सेटिंगचं काही सांगाल का? बायका हातात पेटलेली दिवजां घेऊन देवळाला फेऱ्या घालतात, उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि मागे पूर्ण काळोख.

रंगपट (फोंडा)

मॅन्युअल मोडवर ठेवा. शटर १/१२५, ॲपर्चर एफ २.२, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल ३२००. फेरीचा वेग जास्त असेल तर १/२०० करा आणि कमाल ६४०० पर्यंत जाऊ द्या, दाणे आले तरी चालतील, हललेला चेहरा चालणार नाही. मागच्या काळोखामुळे कॅमेरा चेहरे प्रमाणाबाहेर उजळ करेल, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय) उणे एकच्या आसपास ठेवून पहिल्या फेरीत दोन-तीन फोटो घ्या आणि पडद्यावर गालाकडे बघून ठरवा. ज्योत पांढरी झाली तर होऊ द्या, गाल जळता कामा नये.

रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, पिवळेपणा किती ठेवायचा ते घरी बसून ठरवता येतं. सगळा काढू नका, तो दिव्यांचाच रंग आहे. फोकस एएफ-सी वर (हलत्या माणसावर सतत फोकस धरणारा), एकच बिंदू, आणि तो मधल्या नऊपैकी. डी ५३०० चे ३९ बिंदू आहेत, पण क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) मधले नऊच, अंधारात तेच विश्वासाचे. कॅमेऱ्यावरचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा एएफ-सी वर पेटत नाही, तरी मेनूतून बंदच करून ठेवा, बायकांच्या डोळ्यांवर यायला नको. उभं राहायचं ते फेरी वळते त्या कोपऱ्यावर. तिथे चाल मंदावते आणि चेहरा क्षणभर तुमच्याकडे येतो.

देवस्थान समितीला आधी सांगून ठेवा. गावातल्याच असलात तरी.